सुरात रडण्याची शिकवणी

पुसदला रिक्षावाल्याला आमचा पत्ता समजावून सांगावा लागत नसे. ‘रडक्या पोरींच्या घरी’ एवढं म्हटलं की तो झमकूबाई राठोडांच्या निळ्या फाटकासमोर आणून सोडायचा, आणि उतरताना आपल्याकडे जरा दयेनं बघायचा. बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायला मी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून पुसदच्या एका क्लासला आले. पहिल्याच दिवशी रिक्षावाल्याच्या तोंडून हे नाव ऐकून माझे बाबा फाटकातच थबकले.

“अठी पोरीईले तरास तं नाई ना काही?” त्यांनी दबकत विचारलं.

“तरास तुमी घरूनच देऊन पाठवता,” झमकूबाई म्हणाल्या. “मी फक्त तो बाहेर काढतो.”

बाबांना यातलं काही कळलं नाही. पण चहा चांगला मिळाला, फाटकाला कडी मजबूत होती, म्हणून त्यांनी खोली पक्की केली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेले.

झमकूबाईंना आम्ही सगळ्या ‘याडी’ म्हणायचो. त्यांच्या बंजारा गोरबोलीत याडी म्हणजे आई. वय सत्तरीच्या आसपास, उंची बेताची, आवाज मात्र अंगापेक्षा बराच मोठा. एकुलता एक मुलगा नागपूरला नोकरीला. त्यानं आईसाठी घेतलेल्या साड्या ती ट्रंकेत जपून ठेवायची आणि स्वतः तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांसारखा घेरदार फेट्या घागरा, आरशांची कांचळी चोळी आणि कोपराच्या वरपर्यंत पांढऱ्या बांगड्या घालून हिंडायची. कानांजवळ केसांत गुंफलेली चांदीची घुगरी चालताना वाजायची. त्यामुळे मोबाइलवर कुणी टाइमपास करत असेल तर याडी येतेय हे आधीच कळायचं. घुगरी वाजली की अख्ख्या घराला अभ्यासाची ओढ लागायची.

तिचं घर रडण्यासाठी प्रसिद्ध होण्याचं कारण म्हणजे पाण्याची टाकी.

ही गोष्ट मी येण्याच्या आदल्या वर्षीची. आमच्या भागात नळ एक दिवसाआड यायचा. टाकी भरून ठेवली की ती पुरवायची. पण टाकी पुरत नव्हती, कारण घरातल्या सगळ्या पोरी न्हाणीघरात जाऊन रडायच्या. हुंदका बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायच्या. टेस्ट सिरीजचे मार्क लागले की त्या दिवशी संध्याकाळी टाकी कोरडी ठण्ण. याडीला बिचारीला वाटायचं कुठे पाइप फुटलाय. प्लंबर दोनदा येऊन गेला. मग एकदा तिनं न्हाणीच्या दाराला कान लावला, आत गेलेली धनश्री, जी माझ्या वेळीही तिथंच होती, बाहेर आली, आणि याडीनं तिला हाताला धरून अंगणात आणलं.

“काहून रडून राह्यली व?”

“नाही याडी, साबण गेला डोळ्यात.”

“साबन वळकटीत ठेवून न्हाले गेलती काय? तो पाय, तठी पडला आहे.”

धनश्रीला मग खरं बोलावंच लागलं. याडीनं सगळं ऐकून घेतलं, बाकीच्या पोरींनाही बाहेर बोलावलं, आणि जे बोलली ते मी नंतर इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

“रडाले डोळ्यातलं पानी वापरा, टाकीतलं नाई. न रडता तरी कसं! तोंडात दुपट्टा कोंबून! आमच्या तांड्यात लग्नाच्या आधी बुढ्या बाया पोरीले बसवून रडाले शिकवत. ढावलो म्हनते त्याले. कोनाच्या गळ्यात पडून काय म्हनाचं, सूर कसा धराचा, सगळं आधी शिकाचं. पोरगी एवढं मोठं घर सोडून जाते, न तिनं मुक्यानं जाव? तुमी तं ह्या मोठ्या पेपराले चालल्या. तुमाले कोनं शिकवलंच नाई वं!”

तिला खरंच पोरींची कीव आली होती. क्लासवाल्यांनी एवढा अभ्यासक्रम शिकवला आणि मुख्य धडाच गाळला, असा तिचा चेहरा होता म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी याडी तुळशीपाशी दिवा लावायची, गॅसवर डाळीचा कुकर चढवायची, आणि म्हणायची, “आव छोरी, बेस.” दिवा ते शिटी हा रडण्याचा वेळ. कुकरची पहिली शिटी झाली की रडणं बंद, तोंडं धुवायची, वह्या उघडायच्या. मधल्या वेळात दिवसभराचं काय ते रडून घ्यायचं. दिवसा कुणी मुसमुसायला लागली की याडी स्वयंपाकघरातून ओरडायची, “आता नाई! दिव्याच्या टायमाले!” गंमत म्हणजे संध्याकाळपर्यंत राखून ठेवलेलं रडू बऱ्याचदा शिळं होऊन जायचं. बसल्या बसल्या आठवावं लागायचं की आपल्याला नक्की कशाचं वाईट वाटलं होतं.

एकदा आम्ही कंटाळलो होतो. भिंतीपलीकडच्या देशमुखांच्या कुकरची शिटी झाली तशा टपाटप उठलो. याडीनं सगळ्यांना पुन्हा खाली बसवलं. “ते त्याईची डाळ शिजली. आपली कच्ची आहे अजून.”

शिकवणीचा मोठा नियम एकच होता. नाव घेऊन रडायचं. ढावल्यात नवरी बापाचं नाव घेते, भावाचं घेते, विहिरीचं, गाईचं, अंगणातल्या झाडाचंसुद्धा घेते आणि एकेकाला काय सांगायचं ते सांगते. पहिल्या दिवशी धनश्रीनं आपलं “याडी, टेन्शन आलंय” असं सुरू केलं. याडीनं तिथंच थांबवलं.

“टेन्शन कोन व? कोन्या गावचा? त्याच्या मायचं नाव काय?”

“तसं नाही याडी, सगळ्याचंच…”

“सगळ्याचं रडता येत नसते. एकाचं नाव घे.”

धनश्रीनं पुष्कळ विचार केला. शेवटी कबूल केलं की क्लासमध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्या एका मुलीला नेहमी जास्त मार्क पडतात. त्या मुलीचं नाव घेऊन ती जी सुरू झाली, ती शिटीनंतरही थांबेना. याडीनं ‘आज बरी रडली’ असा शेरा दिला. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नसे.

माझी पाळी आली तेव्हा मी आमच्या काकांचं नाव घेतलं. काका दर रविवारी फोन करून “किती मार्क पडून राह्यले?” विचारायचे आणि मी सांगितलेला आकडा सगळ्या गावाला वाटायचे. मी सूर धरून म्हटलं की अवो काका, तुमच्या मोबाइलचा टॉवर वाऱ्यानं पडू दे. याडीनं मांडीवर फटका मारला. “शाप नाई द्याचा! ढावल्यात शाप नसते. नुसतं सांगाचं, का हे असं असं होते मले.” मग मी नुसतं सांगितलं. सांगता सांगता खरंच रडू आलं. त्यानंतर काकांच्या फोनची धास्ती थोडी कमी झाली. गेली नव्हती, खोटं कशाला बोलू.

रडण्याच्या बाबतीत याडी भलतीच चोखंदळ होती. टीव्हीवर मालिका लागली की ती कथेकडे बघायचीच नाही. नटीनं डोळ्याला पदर लावला की हिचं सुरू, “हे काय रडनं झालं? नाक तं कोरडंच आहे. हिले कोनं शिकवलं नाई.” स्वतःच्या लग्नात आपण कशा रडलो हे ती दर पंधरा दिवसांनी सांगायची. तिचा ढावलो ऐकून म्हणे वऱ्हाडातले बैलसुद्धा जागचे हलेनात. बैल का हलले नाहीत याची दुसरी कारणंही असू शकतात, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्या दिवशी माझ्या ताटात भाजी कमी पडली.

या शिकवणीत एकच विद्यार्थिनी नापास होती. माझ्या खोलीतली प्रणाली.

प्रणाली फुलसावंगीची. आमच्यात सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत हसरी. तिची ही दुसरी खेप होती. पहिल्या वर्षी तिचा सगळा अभ्यास झालेला, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये ती हातात पेन धरून नुसती बसून राहिली. प्रश्न दिसत होते, उत्तरंही येत होती, हात हलत नव्हता. बाहेर आल्यावर उन्हात उभ्या असलेल्या बापाला तिनं हसत सांगितलं, पेपर बरा गेला. मग निकाल लागला. यंदा घरून सांगून झालं होतं की हे शेवटचं, नाही झालं तर बी.ए.ला नाव टाकू. पण प्रणालीला बी.ए.ची भीती नव्हती. तिला भीती होती ती पुन्हा हात न हलण्याची. हे तिनं मला खिदळतच सांगितलं होतं. घाबरली की तिला हसू यायचं. सराव परीक्षेला जाताना ती विनोद सांगायची आणि त्यावर स्वतःच सगळ्यांत जास्त हसायची.

“जे रडते तिचं मले काही नाई,” याडी मला एकटीला गाठून म्हणाली. “हे हासरी पोरगी मले झोपू देत नाई वं.”

प्रणालीला रडवण्यासाठी याडीनं मग कंबर कसली. आधी कांदे झाले. प्रणालीनं सगळे कांदे चिरले, डोळे पुसले आणि मस्त भजी तळली. मग याडीनं आपली म्हैस कशी मेली ते सांगितलं. ती म्हैस शेवटच्या क्षणी याडीच्या हाताकडे कशी बघत होती इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा आम्ही सगळ्या ढसाढसा रडत होतो. भिंतीपलीकडून देशमुखकाकांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. प्रणाली म्हणाली, “याडी, ती म्हैस चाऱ्याकडं पाहत असेल.” आणि हसत सुटली. याडीनं कपाळावर हात मारला, पण मी पाहिलं, ती चिडली नव्हती. घाबरली होती.

परीक्षेचा दिवस उजाडला. सेंटर यवतमाळला होतं, सकाळी लवकर जीप सांगितली होती. याडीच्या मते आता सांगता होती. ती फाटकात उभी राहिली, एकेकीला गळ्यात घेतलं आणि पट्टी चढवून असा ढावलो लावला की गल्लीतली कुत्री उठून बसली. आम्हीही तयारीच्या होतो. एकमेकींच्या गळ्यात पडून, टाकीचं, वह्यांचं, खोलीचं नाव घेऊन सुरात रडू लागलो. थोड्या वेळानं शेजारचे देशमुखकाका खांद्यावर टॉवेल टाकून, अनवाणी, खाली मान घालून फाटकाशी येऊन उभे राहिले. मागून आणखी दोघं-तिघं आले. काकांनी हळूच जीपवाल्याला विचारलं, “केव्हा नेऊन राह्यले?”

“निघूनच राह्यलो,” जीपवाला म्हणाला. “अकरापर्यंत पोचा लागते यवतमाळले.”

“यवतमाळले कायले? अठी घाट नाई काय?”

घोटाळा निस्तरेपर्यंत काका टॉवेलानं कपाळ पुसत राहिले. याडीला त्याचं काहीच नव्हतं. ती म्हणाली, आले आहात तर पोरींना आशीर्वाद द्या. काकांनी टॉवेल मागे लपवून आशीर्वाद दिला. प्रणाली हे सगळं बघून इतकी हसली की तिला उचकी लागली. वाटेतली आर्णी मागे पडली तरी उचकी थांबली नाही. याडी जीपमध्ये तिच्या शेजारी बसली होती. यायचं ठरलं नव्हतं. “मी येतो ना तुमच्यासंग,” म्हणून आयत्या वेळी चढली होती.

सेंटरच्या फाटकावर लांब रांग होती. पोरींच्या कानातले काढून घेत होते, केसांच्या पिना काढत होते. पालकांना दोरीच्या बाहेरच थांबवत होते. प्रणालीचे वडील फुलसावंगीहून परस्पर आले होते. पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली, आणि ते बाटलीचं झाकण सारखं उघडून पुन्हा लावत होते. मी प्रणालीच्या मागेच होते. तिची उचकी थांबली होती, हसणंही थांबलं होतं. तिनं उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला होता.

याडीला ते दोरीपलीकडून दिसलं असावं. ती दोरीखालून वाकून सरळ आत आली आणि प्रणालीच्या पुढं जाऊन उभी राहिली. तपासणीवाल्या पोलीसबाईनं सवयीनं यंत्र फिरवलं. ते याडीच्या घुगरीपाशी कोकललं, कांचळीपाशी कोकललं, पैंजणापाशी तर थांबेचना.

“आजी, तुमी पेपर द्याले आल्या काय?”

“देतो ना. तू घेत असशीन तं देतो.”

रांग हसली. प्रणालीही हसली, तिचं ते नेहमीचं खिदळणं. आणि हसता हसता मधेच ते तुटलं. तिनं याडीला मागून मिठी मारली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ओळखायला मला क्षणभर लागला. ती रडत होती. नुसती नव्हे, नाव घेऊन.

“अवो बाबा वोऽऽ, मागच्या साली तुमी उन्हात उभे होते वोऽऽ, न मी आत नुसती घड्याळाकडं पाहून राह्यली होती… मायाकून एकबी गोल भरला नाई गेला वो बाबा… तुमाले खोटंच सांगतलं, पेपर बरा गेला म्हनून…”

“सूर सोडू नको,” याडी पुटपुटली. तिचेही डोळे वाहत होते, पण शिकवणी म्हणजे शिकवणी.

प्रणालीचे वडील दोरीपलीकडून बघत राहिले. झाकण त्यांच्या हातातून खाली पडलं. “मले मालूम होतं व पोरी,” ते एवढंच म्हणाले. “तवाच मालूम होतं.”

त्यानंतर त्या रांगेत काय झालं ते विचारू नका. आधी आमच्या घरच्या पोरी लागल्या, मग अनोळखी मुली, मग एक दाढीवाला मुलगा भिंतीकडे तोंड करून. पोलीसबाईनं यंत्र काखेत धरून डोळे पुसले आणि मोठ्यानं ओरडली, “चला, चला, कानातले काढा!” याडीनं प्रणालीचं नाक स्वतःच्या ओढणीनं पुसलं, तिचा उजवा हात घेतला, खसखसा चोळला आणि तिला आत ढकललं.

पेपर सुटल्यावर आम्ही बाहेर आलो तर याडी आणि प्रणालीचे वडील एका लिंबाखाली शेजारी शेजारी बसले होते. प्रणाली त्यांच्याकडे चालत गेली. कसा गेला हे कुणीच विचारलं नाही. तीच म्हणाली, “याडी, भूक लागली.” परीक्षेच्या दिवशी तिला भूक लागलेली मी पहिल्यांदाच ऐकत होते. याडीनं गाठोडं सोडलं, ज्वारीची भाकर आणि ठेचा तिच्या हातावर ठेवला. प्रणालीनं उजव्या हातानं मोठा घास तोडला. तिच्या बापानं तिकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

तिला यवतमाळलाच आयुर्वेदाला प्रवेश मिळाला. माझा नंबर लागला नाही. मी कृषी पदवीला गेले आणि काकांना रविवारी आता दुसरा विषय मिळाला आहे. याडीनं मात्र सगळ्या गल्लीत सांगितलं की तिच्या शिकवणीचा निकाल शंभर टक्के लागला, कारण आमच्यातली प्रत्येक पोरगी रडून पास झाली होती.

याडीला मी शेवटची पाहिली ती यंदाच्या उन्हाळ्यात. गुडघे फार दुखायला लागले म्हणून मुलगा तिला कायमची नागपूरला न्यायला आला होता. मुलगा चांगला आहे, त्याला दोष देण्यासारखं काही नाही. त्याचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर. आम्ही जुन्या पोरी जमेल तशा जमलो होतो, प्रणालीही आली होती. याडी गाडीत मागच्या सीटवर बसली होती आणि खिडकीतून सारखे विनोद करत होती. “लिफ्ट आहे म्हने तठी. मानूस उभ्याउभ्या सरगात जाते.” सगळे हसत होते. याडी सगळ्यांत जास्त.

प्रणालीनं माझा दंड धरला. “ऐकते का?” ती म्हणाली. “हे मायं हासनं हासून राह्यली.”

ती गेली, दार उघडून याडीशेजारी बसली. याडीचे हात मांडीवर होते आणि बांगड्या बारीक वाजत होत्या.

“याडी, नाव घे.”

“कोनाचं व? वेडी झाली काय?” याडी हसली.

प्रणालीनं मग वाट पाहिली नाही. तिला गळ्यात घेतलं आणि स्वतःच ढावलो सुरू केला, याडीच्या वतीनं. फाटकाचं नाव घेतलं. सूर पार भरकटला होता. याडीनं थोडा वेळ कसंबसं सहन केलं. “चुकलं,” ती म्हणाली. “वरून धर.” आणि दाखवायला म्हणून जो सूर लावला, तो मग तिच्याच्यानं थांबवेना. तिनं फाटकाचं नाव घेतलं, टाकीचं घेतलं, तुळशीचं, आमचं एकेकीचं घेतलं, मेलेल्या म्हशीचं घेतलं. देशमुखकाका फाटकाशी उभे होते, या वेळी टॉवेल न घेता आले होते, त्यामुळे त्यांना शर्टाच्या बाहीनं डोळे पुसावे लागले. त्यांचंही नाव आलं तेव्हा ते भिंतीला टेकले.

तेवढ्यात कुकरची शिटी झाली. जुनी सवय, आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो. याडीही थांबली. मुलाला वाटलं संपलं, त्यानं गाडी सुरू केली.

याडीनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “थांब बेटा,” ती म्हणाली. “ते शिटी देशमुखाच्या घरची आहे. आपला कुकर मी गाठोड्यात बांधला.”

आणि तिनं पुढचं नाव घेतलं.